जपानी आजी-आजोबांच्या कराओकेतली 'जुनी गाणी' नक्की किती जुनी?

जपानी म्हाताऱ्या मंडळींची जुनी गाणी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर किमोनो घातलेली बाई, कापरा आवाज आणि विरहाचं रडगाणं येतं. चूक नाही ते, पण अर्धंच आहे. कारण जुनी गाणी हा काही कायमचा भरलेला डबा नाही, दर दहा वर्षांनी त्यातला माल बदलतो. साधं गणित करा ना, आज जे आजोबा 80 वर्षांचे आहेत ते 1945 च्या आसपास जन्मलेले, म्हणजे त्यांचं कॉलेजचं वय आलं 1963-65 ला! त्यांच्यासमोर कोणी युद्धाआधीचं गाणं लावलं तर ती त्यांच्या आईवडलांची आठवण झाली, त्यांची नाही.

तरी सुरुवात युद्ध संपल्यापासूनच करावी लागते. ऑक्टोबर 1945 मध्ये, शहरं जळून खाक झालेली असताना, एक सिनेमा आला आणि त्यातलं लाल सफरचंदाचं साधं आनंदी गाणं, 'रिंगो नो उता', देशभर पसरलं. गायिका नामिकी मिचिको, आणि तिची स्वतःची आई त्याच वर्षी मार्चमधल्या टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यात गेलेली. हे कळल्यावर ते गाणं आधीसारखं ऐकूच येत नाही खरं तर. मग 19 जानेवारी 1946 ला एनएचके या जपानच्या सार्वजनिक रेडिओवर 'नोदोजिमान' सुरू झालं, साध्या माणसांनी माइकसमोर येऊन गायचं, आणि ते टीव्हीवर आजही रविवारी दुपारी चालू आहे. घंटा एकदाच वाजली की झालं, नमस्कार करून खाली उतरा, आणि घंटांची लांब सुरावट वाजली की पास. लोकांसमोर गायची हौस कराओकेने लावली असं म्हणतात, पण ती त्याच्या पंचवीस वर्षं आधीच लागली होती, कराओकेने फक्त वादक कमी केले.

1949 ला मिसोरा हिबारी आली, वय वर्षं बारा, डोक्यावर उंच हॅट, अंगात पुरुषी कोट आणि आवाज मोठ्या बाईचा. पुढची चाळीस वर्षं तिचीच. तिचं शेवटचं मोठं गाणं, नदीच्या प्रवाहाचं, जानेवारी 1989 ला आलं, त्याच महिन्यात सम्राट हिरोहितो गेले आणि त्यांच्या राजवटीचा, म्हणजे शोवा काळ संपला, आणि जूनमध्ये ती पण गेली, 52 व्या वर्षी. त्यामुळे त्या गाण्याला जे वजन आलं ते नुसत्या चालीचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे रेल्वे. 1954 पासून साधारण वीस वर्षं उत्तरेकडच्या तोहोकूमधून खास गाड्या भरभरून टोकियोच्या उएनो स्टेशनला यायच्या, आणि त्यात असायची नुकतीच शाळा संपवलेली पंधरा वर्षांची पोरं, कारखान्यात नाहीतर दुकानात नोकरीला लागायला निघालेली. कौतुकाने त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणायचे, पण पोरांना मात्र गावाची आठवण यायची आणि परत जायचं तर तोंड काय दाखवणार! 1964 ला तोहोकूतल्या आओमोरीकडच्याच इझावा हाचिरो या गायकाने उएनो स्टेशनबद्दलचं एक गाणं गायलं आणि ही पिढी त्या गाण्याला चिकटली ती कायमची. त्या गाण्याचं स्मारक आज स्टेशनबाहेर उभं आहे. माझ्या मते एन्का नावाच्या त्या रडव्या प्रकाराची निम्मी ताकद गावाकडून आलेल्या या पोरांमुळे आहे. गाणाऱ्याचं गाव, आई, बर्फ, सगळं खरंच मागे राहिलेलं होतं.

याच काळात साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको' आलं, 1961 चं, रडू खाली पडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं, आणि 1963 ला ते अमेरिकेत 'सुकियाकी' या भलत्याच नावाने बिलबोर्डवर एक नंबरला गेलं. खाण्याच्या पदार्थाचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. जाता जाता आपल्याकडच्या गाणं शिकणाऱ्यांसाठी: यातल्या कितीतरी चाली 'योनानुकी' नावाच्या पाच सुरांवर आहेत, त्यात चौथा आणि सातवा सूर वर्ज्य, म्हणजे मोठ्या (मेजर) प्रकारात थेट भूपाचेच सूर. म्हणून पहिल्यांदा ऐकताना पण ओळखीचं वाटतं.

मग 1971, कोबे शहर. इनोउए दाइसुके हा बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणारा वादक. एका कंपनीच्या मालकाला ताल जमायचा नाही पण इनोउए त्याला सांभाळून घ्यायचा, तर हे मालक सहलीला निघाले आणि म्हणाले तूही चल, याला जमेना, म्हणून याने साथ टेपवर भरून दिली. त्यातून एट-ट्रॅक प्लेअर, माइक आणि 100 येनच्या नाण्याची पेटी असलेलं मशीन झालं, पहिली अकरा बनवली आणि बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलंच नाही बिचाऱ्याने, 2004 ला इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीदार नक्कल असलेलं बक्षीस, तेवढं मिळालं. खरं तर त्याच्या आधी 1967 ला टोकियोत नेगिशी शिगेइची यांनी असंच मशीन केलं होतं, पण गाजलं इनोउएचं.

तेव्हा स्क्रीन नव्हता, शब्द जाडजूड पुस्तकातून वाचायचे, आणि जागा म्हणजे बार, गाणारे बहुतेक ऑफिस सुटलेले पुरुष. 1977 चं इशिकावा सायुरीचं, होन्शू आणि होक्काइदो या बेटांमधल्या त्सुगारू सामुद्रधुनीचं गाणं घ्या. उएनोहून रात्रीच्या गाडीने आलेली बाई बर्फात आओमोरीला उतरते, उत्तरेकडे परतणारी गर्दी गप्प, ती एकटीच बोटीत चढते. 13 मार्च 1988 ला समुद्राखालचा बोगदा सुरू झाला आणि ती बोटसेवा बंद पडली. एक बोट आओमोरीत म्युझियम म्हणून बांधून ठेवलीय, शेजारी त्या गाण्याचा दगड आहे, जवळ गेलं की आपोआप गाणं वाजतं. गावागावातले टीपेचे आवाज या गाण्यात फुटतात, आणि साठीनंतर आवाज उतरतो म्हणून रिमोटवरचं पट्टी खाली करायचं बटण मुकाट्याने दाबलं जातं.

1985 च्या सुमारास ओकायामात मालवाहू कंटेनरमध्ये पहिला कराओके बॉक्स निघाला, तरुण पोरं आणि बायका आत आल्या, 1992 पासून गाणी फोन लाइनवरून यायला लागली, म्हणजे हजारो गाणी हाताशी. आणि ही सगळी मंडळी रिटायर झाल्यावर आलं 'हिरुकारा', दुपारचं कराओके. चहा-कॉफी घ्या, पाळी आली की गा, ओळखी करा. 2020 मध्ये होक्काइदोच्या ओतारू शहरात याच अड्ड्यांतून करोना पसरला तेव्हा बाकीच्या देशाला कळलं की दुपारी एवढे आजी-आजोबा जातात कुठे. वृद्धाश्रमांमध्ये पण आता मोठ्या अक्षरांची मशिन्स असतात, जेवणाआधी 'पा-ता-का-रा' म्हणून जिभेचा व्यायाम, मग गाणं, कारण गिळायला ताकद लागते.

पण यादी कोण ठरवतं? तरुण कर्मचारी, आणि गडबड इथेच होते, म्हातारा दिसला की लाव एन्का! युद्धानंतर एकदम खूप मुलं जन्मली त्या 1947 ते 49 च्या बाळ-लाटेत जन्मलेले सगळे 2025 पर्यंत 75 च्या पुढे गेले, आणि त्यांनी विशीच्या आत बीटल्स टोकियोतल्या बुदोकान सभागृहात आलेले पाहिले, 1966 ला, हातात गिटार घेतले, गिटारवरच्या 'फोक' गाण्यांच्या मागे लागले. त्यांच्यातल्या कित्येकांना एन्का तेव्हाही म्हाताऱ्यांचंच वाटायचं! त्यांच्या मागोमाग 1960 ला जन्मलेले 2025 मध्ये 65 चे झाले, सरकारी हिशोबाने ज्येष्ठ, आणि त्यांच्या शाळेच्या वयातली गाणी म्हणजे 1976 ला आलेल्या पिंक लेडीची, दोन मुली, चकाकते कपडे, हातवारे करत नाचायचं. ते हातवारे पोरींना तेव्हाच तोंडपाठ होते, आणि बसल्या खुर्चीत बऱ्यापैकी जमतात.