हमिंगबर्डचे थांबलेले पंख: बागेतल्या फ्लॅश छायाचित्रणाची पार्श्वभूमी

बागेत चार-पाच फ्लॅश लावायचे, पक्ष्यामागे छापील हिरवा फलक उभा करायचा आणि हमिंगबर्डचा फोटो काढायचा. असा फोटो वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धेत घ्यावा का, यावर अमेरिकेत बराच काळ वाद चालू आहे. हा फलक फोटोत आला कसा, हे बहुतेक वादांमध्ये कोणी विचारतच नाही. सुंदर दिसावे हा हेतू होताच, पण फलक आला तो मुख्यतः फ्लॅशच्या मर्यादेमुळे.

रूबी-थ्रोटेड हमिंगबर्डचे वजन जेमतेम ३ ग्रॅम आणि पंखांची फडफड सेकंदाला सुमारे ५० वेळा. साडेचार सेंटिमीटरच्या पंखाचे टोक झेपेच्या मध्यावर सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त वेगाने जाते. शटर १/१००० सेकंदावर ठेवले तर तेवढ्या वेळात ते एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त सरकते, १/४००० वरही अडीच-तीन मिलिमीटर. म्हणजे पंखाच्या जागी धुरकट पट्टा. पीस न् पीस दिसायला हवे असेल तर १/१५,००० च्या पुढे जावे लागते. कॅमेऱ्याचे शटर तिथे पोहोचत नव्हते, फ्लॅशचा क्षणिक झोत पोहोचत होता.

१९३० च्या दशकात मॅसेच्युसेट्समधल्या एका विद्युत अभियंत्याने यंत्रे तपासण्यासाठी बनवलेला क्षणदीप (स्ट्रोब, क्षणभरच लखलखणारा दिवा) हमिंगबर्डवर रोखला, आणि पंख पहिल्यांदा स्वच्छ थांबलेले दिसले. १९५० च्या दशकात एका बड्या रसायन कंपनीच्या अध्यक्षाने आपली जड प्रकाशयंत्रणा दक्षिण अमेरिकेपर्यंत नेली आणि अनेक जातींची रंगीत छायाचित्रे काढली. साखरपाण्याचे तयार फीडरही १९५० च्या सुमारासच विक्रीला आले, नाहीतर पक्षी ठरलेल्या जागी येणार कसा? फिल्मचा पुढचा काळ मोजक्या लोकांपुरताच राहिला. कोडाक्रोम या रंगीत फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता (आयएसओ) जेमतेम २५ किंवा ६४, आणि एकेका रोलवर ३६ फोटो.

खरा बदल डिजिटल कॅमेऱ्यांनी आणि खिशाला परवडणाऱ्या छोट्या फ्लॅशनी घडवला. या फ्लॅशची ताकद कमी केली की झोताचा कालावधी आखडतो. पूर्ण ताकदीला साधारण १/१००० सेकंद, पण १/३२ किंवा १/६४ ताकदीला १/१५,००० ते १/३०,००० सेकंद. ताकद घटली म्हणजे उजेडही घटला, म्हणून फ्लॅश एकाऐवजी चार-पाच आणि तेही पक्ष्यापासून हातभर अंतरावर. त्यातच फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० पलीकडे नेता येत नाही. इतक्या संथ शटरमध्ये ऊन शिरले तर थांबलेल्या पंखाशेजारी धुरकट पंखाची छाया उमटते. म्हणून सगळा मांडव सावलीत. मागच्या झाडांपर्यंत फ्लॅश पोहोचत नाही, पार्श्वभूमी काळी ठिक्कर येते, फोटो रात्रीचा वाटतो. त्यावर उपाय म्हणून मागे पाने-फुले धूसर छापलेला फलक, आणि त्यावरही एक फ्लॅश.

पुढे कार्यशाळांनी ही पद्धत पक्की केली. आग्नेय अ‍ॅरिझोना, कोस्टा रिका, इक्वेडोर इथे मांडव तयारच असतो. फीडरची एकच तोटी उघडी ठेवून बाकीच्या चिकटपट्टीने बंद करतात. पक्षी सरावला की फीडर काढून तिथे फूल टांगतात आणि फुलात साखरपाण्याचे थेंब सोडतात. एक भाग साखर, चार भाग पाणी. मध नाही, लाल रंगही नाही. पक्षी चोच घालून मागे सरकला की फोटो.

आता वादाचा मुद्दा. विरोधकांचा रोख फ्लॅशवर असतो: पक्षी बिचकतो, डोळ्यांना त्रास होतो. समर्थक म्हणतात, तोच पक्षी काही मिनिटांत पुन्हा त्याच फुलावर येतो, त्रास असता तर आला असता का? माझ्या मते दोन्ही बाजू फ्लॅशलाच धरून बसल्याने मूळ प्रश्न बाजूला पडला. फूल कोणी आणून टांगले, त्यात साखरपाणी कोणी घातले, मागचे रान कागदावरचे आहे का, हे फोटोखाली लिहिले आहे की नाही, एवढेच विचारायला हवे. लिहिले असेल तर तो पंखांचा उत्तम अभ्यास. लिहिले नसेल तर पाहणाऱ्याची फसवणूक, कारण हा पक्षी याच फुलावर येतो असे तो धरून चालतो. फ्लॅशवर सरसकट बंदी घातली तर यातले काहीच सुटत नाही. साखरपाणी घातलेले फूल उन्हातही टांगता येते.

गळ्याच्या रंगाचीही गोष्ट यात येते. अ‍ॅनाज हमिंगबर्डच्या नराचा गळा पिसांच्या रचनेमुळे चमकतो, रंगद्रव्यामुळे नव्हे. प्रकाशाचा कोन चुकला की तोच गुलाबी गळा काळपट दिसतो. चार बाजूंच्या फ्लॅशमध्ये तो सतत पेटलेला दिसतो, बागेत मात्र मान वळवली की क्षणभर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जात दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापुरतीच वीण करत असे. लोकांनी लावलेल्या परदेशी फुलझाडांमुळे आणि फीडरमुळे ती पार कॅनडापर्यंत सरकली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी घरांच्या परसात बारा महिने दिसतो, तो बहुतेक हाच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्लोबल शटरचा एक कॅमेरा जाहीर झाला आणि वादाची तांत्रिक जमीनच हलली. इलेक्ट्रॉनिक शटर आधीही १/३२,००० पर्यंत जात होते, पण सेन्सर (चित्र टिपणारी चकती) ओळीओळीने वाचला जाई आणि पंख वाकडे येत. वेगवान सेन्सरलाही पूर्ण चित्र वाचायला तीन-चार मिलिसेकंद लागत. पंखाची एक झेप दहा मिलिसेकंदांची, म्हणजे तेवढ्यात तिचा तिसरा हिस्सा उरकलेला. ग्लोबल शटर सगळे चित्र एकदम टिपतो. लख्ख उन्हात शटर १/२०,००० आणि लेन्सचे छिद्र एफ ५.६ ठेवले तर आयएसओ २५०० च्या आसपास काम होते. आता थांबलेल्या पंखांसाठी ना फ्लॅश लागतो ना फलक.

आपल्याकडे हमिंगबर्ड नाही. शिंजीर दिसायला त्याच्यासारखा असला तरी कूळ वेगळे, आणि तो बहुतेकदा फांदीवर बसूनच मध पितो. जास्वंदीच्या बुडाशी चोचीने भोक पाडतो तेव्हा तर चांगला स्थिर असतो, १/५०० पुरते. अमेरिकेतली फ्लॅशची मांडणी इथे उचलून आणण्याचे काहीच कारण नाही. इथला गंभीर प्रश्न व्हरांड्यातल्या तारेला किंवा वेलीला लोंबणाऱ्या त्याच्या घरट्याचा आहे. समोरच्या फांद्या छाटून फोटो काढला की घरटे कावळ्यांना दिसते. म्हणूनच अनेक स्पर्धांनी घरट्याचे फोटो घेणे बंद केले आहे, आणि त्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे.