एल्क हॉर्नची पवनचक्की आणि तिच्यामागचं गाव

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांच्या मधोमध एल्क हॉर्न नावाचं जेमतेम सहाशे वस्तीचं गाव आहे. गावात एक लाकडी पवनचक्की उभी आहे. ती मूळची तिथली नाही. १८४८ साली डेन्मार्कमध्ये, जटलंडमधल्या नोरे स्नेडे या गावी ती बांधली गेली. १९७५-७६ मध्ये एल्क हॉर्नच्या लोकांनी पैसे उभे करून ती सुटी करवून घेतली आणि जहाजाने इकडे आणली. प्रत्येक वाशाला नंबर घातला होता. पण वाटेत समुद्राच्या खाऱ्या पाण्याने ते नंबर पुसले गेले, असं गावात सांगतात. मग डेन्मार्कच्या सुतारांनी करून दिलेली लहान प्रतिकृती समोर ठेवून गावकऱ्यांनी ती वासा वासा जुळवत उभी केली.

सहाशे लोकांच्या गावाने एवढा खटाटोप का करावा, हे कळायला त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८६४ साली डेन्मार्क प्रशिया हे बलाढ्य जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया यांच्याविरुद्धचं युद्ध हरला आणि स्लेस्विग-होल्स्टाइन हे प्रांत त्याच्या हातून गेले. उत्तर स्लेस्विगमधली डॅनिश बोलणारी माणसं एका रात्रीत परक्या राजवटीखाली आली. तिथल्या तरुणांना प्रशियाच्या सैन्यात भरती होणं भाग होतं. ज्या सैन्याने आपला देश तोडला त्याचाच गणवेश अंगावर घालण्यापेक्षा कित्येकांनी अमेरिकेची वाट धरली. बाकीच्या डेन्मार्कमधून निघालेल्यांचं कारण साधं होतं, जमीन. लोकसंख्या वाढत होती, पण शेतं तेवढीच होती, आणि धाकट्या मुलांच्या किंवा शेतमजुरांच्या वाट्याला काही येत नव्हतं. १८५० ते १९२० च्या दरम्यान सुमारे तीन लाख डॅनिश माणसं अमेरिकेत गेली.

पश्चिम आयोवात तेव्हा रेल्वे नुकतीच पोहोचली होती आणि कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या. पुरुषभर उंच गवताचं ते माळरान, खाली काळी कसदार माती. मुळांच्या जाळीने घट्ट धरलेली ती जमीन पहिल्यांदा नांगरताना बैलांचा आणि माणसांचा घाम निघत असे. आधी आलेला भावाला पत्र लिही, भाऊ मेहुण्याला बोलावी. अशी माणसामागे माणूस येत शेल्बी आणि ऑडुबॉन या दोन काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) अमेरिकेतली सर्वांत मोठी ग्रामीण डॅनिश वसाहत उभी राहिली. एल्क हॉर्न आणि शेजारचं किंबलटन ही तिची दोन मुख्य गावं.

या माणसांनी आपल्याबरोबर ग्रुंटविगचा विचारही आणला होता. हा डॅनिश पाद्री आणि कवी म्हणत असे की शेतकऱ्याच्या मुलाला परीक्षा नकोत. त्याला हवा इतिहास, गाणी, मातृभाषा आणि मोकळं संभाषण. त्यातूनच डेन्मार्कमध्ये 'फोक हायस्कूल' म्हणजे तरुणांची निवासी लोकशाळा सुरू झाली. १८७८ मध्ये अशी शाळा एल्क हॉर्नला निघाली. अमेरिकेतली ती पहिलीच. ज्यांची घरंदेखील अजून धड उभी राहिली नव्हती, त्या लोकांनी शाळा उभी केली, ही गोष्ट मला पवनचक्कीपेक्षाही मोठी वाटते.

पुढे याच विचारावरून समाज दुभंगला. ग्रुंटविगची शिकवण होती, आधी माणूस, मग ख्रिस्ती. त्याचे अनुयायी नाचत, गात, नाटकं करत. चर्चमधल्या 'इनर मिशन' या कर्मठ गटाला हे पटत नव्हतं. त्यांच्या लेखी पश्चात्ताप आणि शुद्ध आचरण आधी, बाकी सगळं नंतर. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या डॅनिश चर्चची फाळणी झाली आणि लोक ग्रुंटविगवाल्यांना 'हॅपी डेन्स' (आनंदी डॅनिश), इनर मिशनवाल्यांना 'होली डेन्स' (सोवळे डॅनिश) म्हणू लागले. एल्क हॉर्न होली, तर किंबलटन हॅपी. दोन्ही गावं एकाच मातीतली, एकच भाषा बोलणारी, पण चर्च वेगळी झाली. दोन्ही परंपरा एका चर्चच्या छताखाली पुन्हा आल्या त्या थेट १९८८ मध्ये.

भाषेवरचा घाव मात्र बाहेरून आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी एक फर्मान काढलं. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, रेल्वेत, टेलिफोनवर, प्रार्थनेतसुद्धा फक्त इंग्रजी बोलायची. रोख जर्मन भाषेवर होता, पण फटका सगळ्यांनाच बसला. प्रशियाच्या जुलमातून निसटून आलेल्यांना आता त्याच प्रशियाविरुद्धच्या लढाईच्या नावाखाली आपल्या चर्चमध्ये आपली भाषा बोलायची बंदी झाली. आजीला इंग्रजी येत नसेल तर तिने देवाला कोणत्या भाषेत साकडं घालायचं? डिसेंबरमध्ये फर्मान मागे घेतलं गेलं, पण इंग्रजीकडे वळायला जी घाई लागली ती थांबली नाही. दोन पिढ्यांत डॅनिश घरातून ओसरली.

भाषा गेल्यावर उरलं ते ताटातलं आणि हातातलं. एब्लस्किव्हर हा त्यातला सगळ्यांत जिव्हाळ्याचा पदार्थ. गोल खळगे असलेलं बिडाचं पात्र, आपल्या आप्पेपात्राचं सख्खं भावंडच. त्यात पीठ ओततात, कडा जमू लागल्या की विणकामाच्या सुईने थोडं थोडं फिरवतात आणि आतलं ओलं पीठ खाली सांडून पूर्ण गोळा होतो. वर पिठीसाखर आणि जॅम. दरवर्षी मे अखेरच्या टिवोली उत्सवात गावातली माणसं ही पात्रं घेऊन उभी असतात. जुन्या पिढीतल्या बायकांना तो सुईचा वळसा न बघता जमतो.

चक्कीनंतर वारसा जपायचं काम जोर धरत गेलं. १९८३ मध्ये डॅनिश स्थलांतरितांच्या संग्रहालयाची संस्था एल्क हॉर्नमध्ये स्थापन झाली. १९९४ मध्ये त्याची इमारत उघडली. गावातलं १९०८ चं एक जुनं घरही 'बेडस्टेमोर', म्हणजे आजी, या नावाने तेव्हाच्या सामानासह जपलेलं आहे. किंबलटनच्या बागेत कोपनहेगनच्या जलपरीची प्रतिकृती बसली आहे. आणि चक्कीत आजही वाऱ्यावर धान्य दळलं जातं आणि पिठाच्या पुड्या तिथल्याच दुकानात विकल्या जातात.