पंख टाकून आलेली राणी

एखाद्याचे दिवस भरत आले की आपण म्हणतो, मुंगीला पंख फुटले. हा वाक्प्रचार घडवणाऱ्यानं निरीक्षण नीट केलं होतं, पण निम्मंच. पुण्यात जूनचे पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की रात्री जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली पंखवाल्या मुंग्यांचा सडा पडतो. त्यातले नर खरोखरच लवकर मरतात. मिलन झालेल्या राणीचं खरं आयुष्य मात्र तिथूनच सुरू होतं.

गेल्या जूनमध्ये कोथरूडला आमच्या जिन्यात एक तपकिरी राणी सापडली. शेजारीच तिचे चार पंख पडलेले. ते तिनं स्वतःच पायांनी रेटून मोडले होते, भिंगातून पाठीवर त्यांच्या खुणा दिसत होत्या. पंख टाकलेली, रुंद धडाची मुंगी एकटीच इकडेतिकडे लपायला जागा शोधत असेल, तर ती बहुधा मिलन झालेली राणी. ही फायडोली गटातली होती. मराठीत या मुंग्यांना वेगळं नाव नाही, घरात सगळ्यांना आपण लाल मुंग्याच म्हणतो. यांची कामकरी मुंगी जेमतेम २ मिलिमीटरची, त्यामुळे अख्खी वसाहत टेबलावर मावते.

वारूळ उकरून मूठभर मुंग्या आणणं मला पटत नाही. राणीविना त्या हळूहळू संपतात. फायडोलीच्या कामकरी मुंग्यांना तर अंडाशयच नसतात, म्हणजे त्यांच्यातून पुढची पिढी येण्याचा प्रश्नच नाही. सुरुवात एका राणीपासूनच करावी.

तिचं घर म्हणजे काचेची टेस्ट ट्यूब. तळाला एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट दाबलेला कापसाचा बोळा. तो बोळा ओला राहतो आणि जमिनीखालचा दमटपणा आपोआप मिळतो. राणीला आत सोडायचं, तोंडाला दुसरा कोरडा बोळा लावायचा आणि नळी आडवी करून कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवायची. खायला काही द्यायचं नाही.

आणि खण न उघडता थांबणं सर्वांत अवघड. त्याच्या आदल्या वर्षी मी रोज खण उघडून बघत होतो. हादरे आणि उजेड यांनी बिथरलेल्या राणीनं स्वतःचीच अंडी खाऊन टाकली आणि पुढे ती मेली. ती माझ्यामुळे मेली, हे मला आजही लागतं. या वेळी आठवड्यातून एकदाच बघायचं ठरवलं.

ती महिनाभर जगते कशावर? पंख हलवणारे धडातले मोठे स्नायू आता तिच्या उपयोगाचे नसतात. शरीर ते विरघळवतं आणि त्यातली प्रथिनं अंड्यांकडे, अळ्यांकडे वळवतं. ज्या पंखांमुळे तिचं मरण जवळ आलं असं आपण म्हणतो, त्यांच्याच स्नायूंवर पहिली लेकरं वाढतात. मिलनाच्या वेळी साठवलेले शुक्राणू तिला जन्मभर पुरतात, आणि हा जन्म छोटा नसतो. युरोपातल्या लॅसियस नायजर या काळ्या मुंगीची एक राणी बंदिस्त वसाहतीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

या मुंग्यांच्या कोषाला रेशमी वेष्टन नसतं. त्यामुळे आत घडी घालून ठेवलेले पाय, पोटाशी टेकवलेल्या मिशा लख्ख दिसतात. आधी दुधी, मग डोळे काळे, मग सगळं अंग पिवळसर. जुलैच्या मध्यावर पहिल्या पाच कामकरी मुंग्या आल्या, नेहमीपेक्षाही बारीक. उपाशी आईला तेवढीच परवडतात.

मग खाऊ सुरू. मधाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब आणि मारलेला डास, पण औषध फवारून मारलेला नव्हे. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. डासाचे तुकडे ती अळ्यांपुढे ठेवते आणि अळ्या ते खातात. नळी उघडून चराईचा डबा, म्हणजे मुंग्यांनी फिरून खाऊ शोधायची जागा, जोडला की काठाला आतून टाल्कम पावडर आणि स्पिरिटचा लेप द्यावा. वाळल्यावर त्यावर मुंगीचे पाय टिकत नाहीत. थंडीत पहाटे पारा उतरला की अंडी घालणं मंदावतं, तेव्हा काही करायला जाऊ नये.

परदेशी जाती मागवण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० मुंग्या टेस्ट ट्यूबमध्ये भरून ठेवणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना शिक्षा झाली. बेकायदा तर ते होतंच, पण अशी राणी निसटून नव्या मुलखात रुजली तर तिथल्या मुंग्यांचं काय होईल, हा प्रश्न मला जास्त भेडसावतो. आपल्या जिन्यातली राणी निसटली तरी ती इथलीच असते.

गणपतीच्या दिवसांत नळीत पहिला सैनिक दिसला. सैनिक म्हणायचं, पण तीही मादीच. डोकं उरलेल्या अंगापेक्षा मोठं. ते एवढं का वाढतं, याचं उत्तर पुन्हा पंखांपाशीच येतं. या मुंगीला पंख कधीच फुटत नाहीत, पण अळी असताना शेवटच्या टप्प्यात पंखाची एक अर्धवट कळी अंगात वाढते आणि पुढे विरून जाते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या एहाब अबूहैफ यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की या कळीची वाढ रोखली तर सैनिकाचं डोकं तेवढं मोठं होत नाही. न फुटलेले पंख डोकं घडवून जातात!

त्या संध्याकाळी मी डब्यात राजगिऱ्याचा एक दाणा टाकला. चार छोट्या मुंग्यांनी तो ओढत नळीत नेला. सैनिकानं तो जबड्यात धरला, बराच वेळ तशीच थांबली, डोक्याच्या मागचा भाग थरथरला, आणि दाणा दुभंगला.