जुन्या पिकअपमध्ये नवा स्टिरिओ बसविणे

कारखान्यातून आलेला रेडिओ किंवा टेप काढून त्या जागी दुसऱ्या उत्पादकाचे हेड युनिट (डॅशबोर्डमध्ये बसणारे स्टिरिओचे मुख्य यंत्र), नवे स्पीकर आणि गरजेनुसार अ‍ॅम्प्लिफायर बसविण्याचे काम. अलीकडच्या वाहनात त्या मॉडेलसाठी तयार मिळणारी चौकट आणि वायरिंगचा अ‍ॅडॅप्टर आणला की बहुतेक काम होते. १९५० ते १९८० या दशकांतील पिकअपची गोष्ट वेगळी आहे. त्या काळी पिकअप हे मुख्यतः मालाचे वाहन होते. रेडिओ पुष्कळदा जादा पैसे मोजून घ्यावा लागे, आणि घेतला तरी डॅशबोर्डच्या मधोमध एकच स्पीकर असे. त्यामुळे नवे यंत्र बसवताना खाचेचे माप, विजेची मांडणी आणि केबिनचा आकार या तिन्ही ठिकाणी अडते.

खाच आणि माप : जुन्या रेडिओच्या दोन्ही बाजूंना दांडे, त्यांवर फिरवायची बटणे आणि मध्ये स्टेशनांची पट्टी असे. डॅशच्या पत्र्यातही तेवढीच भोके असत. आजच्या हेड युनिटचे दर्शनी माप १८० × ५० मिमी. असते. हे माप मूळच्या जर्मन मानकातून आले आणि पुढे आयएसओ ७७३६ हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून रूढ झाले. दुप्पट उंचीच्या पडदावाल्या युनिटचे माप १८० × १०० मिमी. असते. जुन्या भोकात यांतले काहीच बसत नाही, म्हणून अनेकांनी डॅशचा पत्रा सरळ कापला. या कामातला सर्वांत वाईट निर्णय हाच. वायर पुन्हा जोडता येते, स्पीकर बदलता येतो, पण कापलेला डॅश पूर्ववत करायला पत्र्याचे वेल्डिंग आणि रंगकाम करावे लागते किंवा दुसरा डॅश शोधावा लागतो. दांड्यांच्या जुन्या भोकांत बसणारी, जुन्या चेहऱ्याची पण आतून आधुनिक युनिटे मिळतात. ती नको असतील तर युनिट ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा डॅशखाली टांगलेल्या कंसात बसवता येते. ब्लूटूथ असलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली लपवून मूळ रेडिओ जागच्या जागी ठेवणे हा सर्वांत कमी तोडफोडीचा मार्ग आहे.

खोलीकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. डॅशमागे हीटरची नळकांडी आणि वायपरची यंत्रणा दाटीवाटीने असते. सीडीची यंत्रणा नसलेली युनिटे बरीच आखूड असतात, म्हणून जुन्या पिकअपला तीच सोयीची. युनिटला मागूनही पट्टीचा आधार द्यावा लागतो. कडक लीफ स्प्रिंगांवर चालणाऱ्या गाडीत नुसत्या पुढच्या चौकटीवर टांगलेले युनिट हादऱ्यांनी लवकरच सैल होते.

वीजपुरवठा : पहिली तपासणी व्होल्टेज आणि अर्थची, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या बॉडीला जोडले आहे याची. फोर्डच्या गाड्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. १९५६ पासून १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आले. मधल्या काळात कुणी मांडणी बदललेलीही असू शकते, म्हणून वर्षावर विसंबू नये, मल्टिमीटर लावून पाहावे. नवी युनिटे १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थसाठी बनलेली असतात आणि उलट जोडल्यास जळू शकतात.

युनिटला पुरवठ्याच्या दोन वायरी लागतात. प्रचलित रंगसंकेतात पिवळी कायम चालू, लाल किल्ली फिरवल्यावर चालू आणि काळी अर्थची. जुन्या रेडिओला वेळ किंवा स्टेशने लक्षात ठेवायची नसत, म्हणून त्याच्याकडे बहुधा किल्लीवरची एकच वायर आलेली असते. पिवळ्या वायरीसाठी बॅटरीकडून स्वतंत्र वायर आणावी लागते आणि तिचा फ्यूज बॅटरीजवळच हवा. फ्यूज युनिटजवळ बसवला तर मधली सगळी वायर असुरक्षित राहते. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकात तिचे आवरण घासले की थेट आगीचा धोका. भोकात ग्रोमेट (कडेला बसणारे रबरी कडे) घालणे म्हणूनच अत्यावश्यक. लाल आणि पिवळी एकत्र करून बॅटरीवर जोडली तर युनिट चुकून चालू राहते आणि बॅटरी उतरते. काळी वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावी. हे सगळे बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच करायचे.

स्पीकरची जुनी वायरिंग : नवे युनिट निकामी होण्याचे एक मोठे कारण इथे दडलेले असते. अनेक जुन्या गाड्यांत स्पीकरचे एक टोक सरळ बॉडीला जोडलेले असे. रेडिओकडून एकच वायर येई. आजच्या युनिटमध्ये प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही वायरी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरने चालवल्या जातात आणि दोन्हींवर पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्टेज सतत असते. त्यांतली एक बॉडीला लागली की तो शॉर्ट सर्किटच. युनिट स्वतःचे संरक्षण करून बंद पडते किंवा आतली चिप जळते. दोन चॅनेलच्या निगेटिव्ह वायरी एकत्र करणेही तितकेच चुकीचे. त्यामुळे जुन्या स्पीकर वायरी तशाच सोडून प्रत्येक स्पीकरला दोन नव्या वायरी ओढणे हाच खात्रीचा उपाय. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा आणि काळी रेघ असलेली जोडीदार वायर निगेटिव्ह, असा संकेत आहे. डॅशमधली मूळ एकच जागा वापरायची असेल तर दोन व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची वेटोळी) असलेला स्पीकर घ्यावा. त्यात डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळ्या कॉइलला जोडता येतो.

खोक्यावरच्या ‘५० वॉट × ४’ या आकड्यावर भिस्त ठेवू नये. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला अशा अ‍ॅम्प्लिफायरकडून विकृतीशिवाय सैद्धांतिक कमाल सुमारे २६ वॉट मिळतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. गोंगाटी केबिनमध्ये मोठा आणि स्वच्छ आवाज हवा असेल तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

स्पीकरची जागा : बऱ्याच जुन्या पिकअपच्या दारांत स्पीकरची खाच नसते. दार कापण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन चुंबकाला जागा उरते का ते मोजावे लागते. शिवाय दाराच्या आत पावसाचे पाणी झिरपत असतेच. त्यापेक्षा पायांजवळच्या बाजूच्या पॅनेलमध्ये बसणारे तयार खोके बरे. सीटमागची भिंत मोहात पाडते, पण तिथे ड्रिल चालवण्याआधी सीट पुढे ओढून पाहावे : १९६७ ते १९७२ च्या शेवरलेट पिकअपमध्ये इंधनाची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागेच असे. अशा गाडीत त्या भागात स्क्रू मारणे जिवावर बेतू शकते.

खरखर : इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटर आणि सदोष अर्थ यांतून येते; टकटक आवाज इग्निशनचा. रोधक असलेले स्पार्क प्लग किंवा प्लगच्या तारा, बॉनेट आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी, आणि सिग्नलच्या तारा वीजवाहक वायरींपासून दूर नेणे यांनी बराच फरक पडतो. रेडिओच खरखरत असेल तर एरियलचा तळ तपासावा; तिथे गंज चढला की एरियलच्या तारेच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाचा अर्थ तुटतो आणि सर्वांत आधी एएम स्टेशने जातात. सगळे जोडून झाल्यावर किल्ली काढून, बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मीटर घालून प्रवाह मोजतात. स्मृतीसाठी युनिट काही मिलिअँपिअरच घेते. आकडा शेकड्यांत असेल तर लाल वायर चुकीच्या जागी जोडली गेली आहे का, हे आधी पाहतात.