अणुशोषण वर्णपटमापन (विषारी लेश मूलद्रव्यांचे)

पाणी, माती, अन्न, रक्त इत्यादींतील शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांसारख्या मूलद्रव्यांची अत्यल्प मात्रा मोजण्याची पद्धत. नमुना ज्योतीत किंवा भट्टीत तापवून त्यातील मूलद्रव्याचे मुक्त अणू करतात. वायुरूपातील असे मुक्त अणू ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश शोषतात. शोषण किती झाले त्यावरून मूलद्रव्याची संहती (द्रावणातील प्रमाण) काढतात. जे मूलद्रव्य मोजायचे त्याचेच ऋणाग्र (ऋण विद्युतअग्र) असलेला पोकळ-ऋणाग्र दिवा लागतो. शिशासाठी २८३.३, कॅडमियमसाठी २२८.८, आर्सेनिकसाठी १९३.७ व पाऱ्यासाठी २५३.७ नॅनोमीटर या रेषा वापरतात.

पद्धतीच्या उगमाबाबत मतभेद आहेत. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा वुलस्टन यांनी १८०२ मध्ये नोंदल्या. किर्खहोफ व बुन्सेन यांनी १८६० च्या सुमारास त्यांचा संबंध मूलद्रव्यांशी जोडला. हवेतील पाऱ्याची वाफ शोषणावरून ओळखणारी उपकरणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वापरात होती. सर्वसाधारण विश्लेषणपद्धत म्हणून मात्र ती १९५५ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली : ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी आणि नेदर्लंड्समध्ये आल्केमाडे व मिलाट्झ यांनी. डच संशोधकांनी प्रकाशस्रोत म्हणूनही ज्योतच वापरली. वॉल्श यांनी अरुंद रेषा देणारा दिवा घेतला आणि ज्योतीचा स्वतःचा प्रकाश मापनात येऊ नये म्हणून दिव्याचा प्रकाश ठरावीक गतीने खंडित केला (चालू-बंद होत राहील असा केला). आजची उपकरणे याच मांडणीवर चालत असल्याने श्रेय बहुधा वॉल्श यांना दिले जाते व ते योग्य वाटते.

हवा-ॲसिटिलीन ज्योत (सुमारे २,३०० °से.) सोपी आहे, पण फवारलेल्या द्रावणाचा जेमतेम दहावा भाग तिच्यापर्यंत पोहोचतो. पिण्याच्या पाण्यातील शिशाची भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ. आहे; तेथे ज्योत अपुरी पडते. ल्वॉव्ह यांनी १९५९ च्या सुमारास मांडलेल्या ग्रॅफाइट भट्टीत (विजेने तापवलेल्या ग्रॅफाइट नळीत) १०–२० मायक्रोलिटर नमुना पुरतो. तो सुमारे ११० °से.ला वाळवतात, मग जाळून सेंद्रिय भाग व क्षार घालवतात आणि शेवटी आर्गॉनचा प्रवाह थांबवून झटक्यात अणूकरण करतात, म्हणजे मुक्त अणू मोकळे करतात (शिशासाठी सुमारे १,८००–२,००० °से.).

बहुतेक चुका जाळण्याच्या टप्प्यात होतात. क्लोराइड असेल तर शिसे क्लोराइडरूपात अणूकरणाआधीच उडून जाते व मापन कमी येते. यासाठी अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट किंवा पॅलेडियम व मॅग्नेशियम नायट्रेट मिसळतात. धातू स्थिर राहतो व जाळण्याचे तापमान वाढवता येते. उरलेल्या क्षारांचा धूर प्रकाश अडवून खोटे शोषण दाखवतो. त्याची वजावट ड्युटेरियम दिव्याने किंवा अधिक भरवशाने झेमान पद्धतीने (चुंबकीय क्षेत्राने रेषा विभागून) करतात. नमुन्याचे घटक अज्ञात असतील तर प्रमाणित (ज्ञात मात्रेचे) द्रावण नमुन्यातच टप्प्याटप्प्याने मिसळून आलेख काढावा.

दूषणाचा धोका सर्वांत मोठा. भांडी १०% नायट्रिक अम्लात रात्रभर ठेवतात, पाण्याच्या नमुन्याचे पीएच २ च्या खाली आणतात आणि नमुन्यांच्या प्रत्येक संचाबरोबर कोरी चाचणी (नमुन्याविना, फक्त रसायनांची) घेतात. कोऱ्या चाचणीत शिसे दिसले तर त्या संचातील अल्प आकड्यांवर विसंबता येत नाही.

पाऱ्याची वाफ भट्टीविनाच, स्टॅनस क्लोराइडने क्षपण करून (पाऱ्याच्या आयनांचे धातुरूप पाऱ्यात रूपांतर करून) मिळते. आर्सेनिकसाठी सोडियम बोरोहायड्राइडने हायड्राइड वायू करून तो तापवलेल्या क्वार्ट्‌झ नळीत नेतात. पंचसंयुजी आर्सेनिक कमी संकेत देते, म्हणून ते आधी पोटॅशियम आयोडाइड व ॲस्कॉर्बिक अम्लाने त्रिसंयुजी करतात. माशांतील आर्सेनोबेटाइन (आर्सेनिकचे सेंद्रिय संयुग) हायड्राइड देत नाही आणि साध्या नायट्रिक अम्लातील पचनाने फुटतही नाही. एकूण आर्सेनिक हवे असल्यास मॅग्नेशियम नायट्रेट घालून कोरडे भस्मीकरण करावे लागते.