94 टक्क्यांची भीती

2008 च्या मे महिन्यात सोलमधल्या शाळकरी मुलांना एक आकडा तोंडपाठ झाला होता: 94. तो टीव्हीवरून आला होता. 29 एप्रिलच्या रात्री एमबीसी वाहिनीवरच्या ‘पीडी नोटबुक’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात सांगितलं गेलं की मॅड काऊ, म्हणजे गाईचा मेंदू पोखरणारा रोग, झालेल्या गाईचं मांस खाल्लं, तर कोरियन माणसाला तो रोग होण्याची शक्यता 94 टक्के आहे, आणि त्याचं कारण त्याच्या जनुकांत आहे. दोन-तीन दिवसांत हे वाक्य मोबाईलवरून फिरत फिरत आखूड झालं. ‘झालेल्या’ गळालं, ‘अमेरिकन गाईचं’ आलं. 2 मेच्या संध्याकाळी चंग्येचन ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या चौकात हजारो लोक कागदी पेल्यात मेणबत्त्या धरून उभे होते. त्यात गणवेशातल्या मुली डोळ्यांत भरण्याइतक्या होत्या. हातात फलक: ‘वेडी गाय तूच खा.’ हा ‘तू’ म्हणजे फेब्रुवारीत नुकतेच खुर्चीवर बसलेले राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक. त्यांच्या सरकारने एप्रिलमध्येच अमेरिकन बीफची आयात जवळजवळ पूर्ण खुली करायचं ठरवलं होतं.

गंमत अशी की 94 हा आकडा खोटा नव्हता. 2004 साली कोरियन संशोधकांनी 529 निरोगी लोकांचं प्रायॉन जनुक तपासून तो छापला होता. खोटा होता तो त्यावरून काढलेला अर्थ. तो कसा काढला गेला, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण अशी गफलत करायला अडाणी असावं लागत नाही.

मॅड काऊच्या मुळाशी आहे प्रायॉन, आपल्या मेंदूत एरवीही असणारं एक प्रथिन. त्याची घडी बिघडली की बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूलाही आपल्यासारखा वाकवतो. ही साखळी वर्षानुवर्षं चालते आणि मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. यात ना जीवाणू, ना विषाणू. नुसतं प्रथिन रोग पसरवू शकतं, हे स्टॅन्ली प्रुसिनर यांचं म्हणणं सुरुवातीला अनेकांनी हसण्यावारी नेलं. 1997 साली त्यांना त्याचंच नोबेल मिळालं. हे बिघडलेलं प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. ब्रिटनमध्ये मेलेल्या जनावरांचं मांस-हाडांचं पीठ गाईंच्या खाद्यात मिसळत असत, त्यातून 1 लाख 80 हजारांहून जास्त गाईंना रोग झाल्याची नोंद झाली. आणि मार्च 1996 मध्ये ब्रिटिश सरकारला कबूल करावं लागलं की माणसांनाही त्याचा एक प्रकार, व्हीसीजेडी, होतो आहे.

आता 94 कडे. प्रायॉन प्रथिनात 129 व्या जागी दोनपैकी एक अमिनो आम्ल असतं, मेथिओनिन किंवा व्हॅलिन. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. दोन्हीकडून मेथिओनिन आलं तर तो माणूस ‘एमएम’. ब्रिटनमध्ये असे सुमारे 40 टक्के लोक आहेत, कोरियात 94 टक्के. ब्रिटनमध्ये व्हीसीजेडीने गेलेल्या ज्या रुग्णांची जनुकं तपासली होती, ते त्या वेळेपर्यंत जवळपास सगळे एमएम निघाले होते. म्हणजे रोग झालेले बहुतेक सगळे एमएम. याचं उलटं करून ‘एमएम आहेत त्या बहुतेकांना रोग’ असं वाचलं गेलं. एखाद्या गावात विहिरीत पडलेले सगळेजण उजव्या हाताने जेवणारे निघाले, म्हणून उजव्या हाताने जेवणारा प्रत्येकजण विहिरीत पडणार असं कुणी म्हणत नाही. जनुकाचं नाव आलं की मात्र आपण असं म्हणून मोकळे होतो.

हिशेब करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा पावणेसहा कोटींच्या घरात, त्यात 40 टक्के एमएम धरले तर सव्वादोन-अडीच कोटी. रोगाची लागण झालेली, पण लक्षणं न दिसणारी लाखो जनावरं त्या लोकांच्या ताटात गेली, असा अंदाज आहे. आणि व्हीसीजेडीचे एकूण रुग्ण? 178. म्हणजे जगातल्या सगळ्यात वाईट परिस्थितीतही एमएम माणसाला सव्वा लाखात एक. 94 टक्के कुठे आणि सव्वा लाखात एक कुठे! कोरियन माणूस एमएम असल्यामुळे ब्रिटिश माणसापेक्षा सरासरीने थोडा जास्त धोक्यात होता, हे खरं. पण हे ‘जास्त’ अडीच पटींच्या आतबाहेरचं आहे आणि ते मुळात अत्यंत छोट्या संख्येला लागू होतं.

त्यात अमेरिका म्हणजे ब्रिटन नव्हे. 2008 पर्यंत तिथे रोगट गाई सापडल्या होत्या तीन, त्यातली 2003 ची पहिली तर कॅनडातून आलेली. अमेरिका तपासतेच थोड्या गाई, मग सापडणार कशा, हा आंदोलकांचा सवाल बिनबुडाचा नव्हता. पण 2004 ते 2006 या काळात तिथे 7 लाखांहून अधिक जनावरं, तीही मुद्दाम आजारी, मेलेली, संशयास्पद अशी निवडून, तपासली गेली होती, आणि त्यात दोन सापडली होती.

कार्यक्रमात आकड्यापेक्षा चित्राने जास्त काम केलं. कॅलिफोर्नियातल्या एका कत्तलखान्यात छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते दृश्य: उभी राहू न शकणारी गाय, तिला फोर्कलिफ्टने ढकलणारे कामगार. जनावरांवरचा तो अत्याचार खराच होता आणि त्यामुळे फेब्रुवारी 2008 मध्ये अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मांसाचा साठा, साडेसहा कोटी किलोंच्या आसपास, परत मागवावा लागला. पण कोरियन प्रेक्षकांपुढे ती गाय मॅड काऊ म्हणूनच आली. ज्याने गोठा पाहिलाय त्याला हे पटणार नाही. व्यायल्यावर दुधाची धार सुरू होते, रक्तातलं कॅल्शियम झपकन उतरतं आणि गाय बसते. आपल्याकडे डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात आणि बरेचदा तासा-दोन तासांत तीच गाय शेपटी झाडत उभी राहते. पाय मोडला तरी गाय बसते, विताना नस दबली तरी बसते. बसलेल्या गाईची कारणं डझनावारी असतात. मॅड काऊ त्या यादीत अगदी शेवटी.

तिसरा धागा व्हर्जिनियातल्या एका तरुण मुलीच्या मृत्यूचा. तिला व्हीसीजेडी झाला असावा असा संशय डॉक्टरांना होता, शवविच्छेदनाचा निकाल यायचा होता. इथे एक फरक महत्त्वाचा. सीजेडी हा मेंदूचा रोग जगात सगळीकडे, गोमांस न खाणाऱ्यांनाही, दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना आपोआप होतो. गाईशी संबंध आहे तो फक्त त्याच्या ‘व्ही’ प्रकाराचा. आईच्या मुलाखतीतला सीजेडी पडद्यावरच्या मजकुरात व्हीसीजेडी झाला. पुढे निदान आलं ते यातलं एकही नव्हतं. बी1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मेंदूला होणारा आजार होता तो.

यानंतर अफवांना ऊत आला. नूडल्सच्या सूपच्या पुडीतून, जिलेटिनच्या कॅप्सूलमधून, सौंदर्यप्रसाधनांतून, इतकंच काय बाळाच्या लंगोटांतून आणि सॅनिटरी पॅडमधून मॅड काऊ होतो म्हणे. प्रत्यक्षात गाईच्या शरीरात धोक्याचं काय, हे बऱ्यापैकी ठाऊक होतं: मेंदू, मज्जारज्जू, डोळे, टॉन्सिल, लहान आतड्याचा शेवटचा भाग. रोग मुरायला चार-पाच वर्षं लागतात म्हणून 30 महिन्यांच्या आतलं जनावर बरंच सुरक्षित. आंदोलकांचा एक मुद्दा मात्र मला बिनतोड वाटतो. कोरियात गाईची हाडं तासन्‌तास उकळून सूप करतात, आतडी भाजून खातात. स्टेक खाणाऱ्या अमेरिकनाला लावलेला धोक्याचा हिशेब जसाच्या तसा तिथे चालणार नाही.

सगळा दोष टीव्हीच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे, आणि कोरियन सरकारने तेच केलं. पण लोकांना घाबरायला शिकवलं कुणी? डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकन बीफची आयात बंद केली सरकारनेच. 2006 मध्ये ती बिनहाडाच्या मांसापुरती उघडली आणि पहिल्याच खेपेत हाडाचा एक बारीक तुकडा सापडला म्हणून सुमारे 9 टन माल नाकारला, तोही सरकारनेच. कोरियन लोकांच्या जनुकांचा दाखला 2007 च्या वाटाघाटींच्या तयारीत खुद्द कृषिमंत्रालयाच्या कागदांत होता. मग 18 एप्रिल 2008 रोजी, राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटायला ली कॅम्प डेव्हिडला पोहोचलेले असताना, जवळजवळ सगळं खुलं करणारा करार झाला. 30 महिन्यांवरची जनावरंसुद्धा चालतील, आणि अमेरिकेत नवी रोगट गाय सापडली तरी कोरियाला लगेच आयात थांबवता येणार नाही, असं त्यात होतं. काल हाडाचा कण विष होता, आज आख्खा सांगाडा पवित्र! विश्वास कुणी ठेवावा?

धोका किती मोठा वाटतो, हे तो किती मोठा आहे यावर ठरत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी 1987 मध्येच दाखवलं होतं की न दिसणारा, उशिरा उमटणारा, भयंकर मरण देणारा आणि दुसऱ्याने आपल्यावर लादलेला धोका माणसाला सर्वांत जास्त छळतो. व्हीसीजेडीत हे चारही आहेत. शाळेच्या जेवणात काय येतं हे मुलं ठरवत नाहीत, सैन्याच्या भटारखान्यात काय शिजतं हे जवान ठरवत नाही. अशा वेळी ‘नको असेल त्यांनी विकत घेऊ नये’ या सुराचं उत्तर राष्ट्राध्यक्षांकडून आलं, तर पुढे काय होणार ते सांगायला नको.

10 जूनला तर कळसच झाला. ग्वांगह्वामुनच्या हमरस्त्यावर पोलिसांनी मालवाहू कंटेनर एकावर एक रचून भिंत उभी केली आणि कुणी चढू नये म्हणून तिला ग्रीस फासलं. लोकांनी त्या भिंतीचं नाव ठेवलं ‘म्युंग-बाक किल्ला’. त्या रात्री जमलेले लोक पोलिसांच्या मते 80 हजार, आयोजकांच्या मते 7 लाख. मंत्रिमंडळाने राजीनामे पुढे केले, लींनी महिन्याभरात दुसऱ्यांदा माफी मागितली आणि जूनच्या अखेरीस 30 महिन्यांची अट परत आली.

वाहिनीने माफी मागितली. निर्मात्यांवर बदनामीचा खटला चालला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, पण कार्यक्रमातले काही भाग खोटे होते हेही नोंदवलं. 94 टक्क्यांचं विधान त्यातलंच. एप्रिल 2012 मध्ये कॅलिफोर्नियात चौथी रोगट गाय सापडली. काही सुपरमार्केटांनी अमेरिकन मांस शेल्फवरून उतरवलं, बंदरावर उघडून तपासायच्या पेट्या वाढवल्या गेल्या, आयात चालूच राहिली आणि चौकात 2008 सारखी गर्दी झाली नाही. कोरियात व्हीसीजेडीचा रुग्ण आढळलेला नाही. अलीकडच्या काही वर्षांत तर किमतीच्या हिशेबाने अमेरिकन बीफचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोरियाच राहिलं आहे. ती 30 महिन्यांची अट मात्र अजून आहे. 2025 मध्ये आयातशुल्काच्या वाटाघाटींत तो विषय पुन्हा टेबलावर आला, तेव्हाही सोलने तिला हात लावू दिला नाही.