ब्रेसलेटमधला ‘मुरानो’ मणी : पार्श्वभूमी

चार्म ब्रेसलेटच्या, म्हणजे सुटे मणी, कड्या किंवा लोलक हवे तसे जोडून घालायच्या ब्रेसलेटच्या, बाजारात ‘इटालियन’ हे विशेषण निदान तीन निरनिराळ्या वस्तूंना लावले जाते. पहिली वस्तू म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या चपट्या, आतून स्प्रिंगने जोडलेल्या कड्या. त्या 1987 साली फ्लोरेन्सच्या परिसरात निघाल्या, 2000 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत त्यांची लाट आली, आणि अलीकडे छोट्या व्हिडिओंच्या जोरावर त्या पुन्हा विकल्या जाऊ लागल्या आहेत. त्यांत मणी नसतोच. दुसरी वस्तू दृष्ट लागू नये म्हणून नेपल्सकडे घातले जाणारे लाल शिंग. ते स्वतःसाठी विकत घ्यायचे नसते, कोणीतरी भेट द्यावे लागते, असा तिकडचा समज आहे. हे शिंग परंपरेने पोवळ्याचे असे. भूमध्य समुद्रातले हेच पोवळे सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीच्या लिव्होर्नो बंदरातून गोव्याला येई आणि त्याच्या बदल्यात इथले हिरे तिकडे जात. मंगळासाठी अंगठीत पोवळे घालणाऱ्या आपल्याकडच्या घरांना या व्यापाराची कल्पना सहसा नसते. तिसरी वस्तू म्हणजे व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचा काचमणी. गेल्या तीस वर्षांत वाद झाला तो या तिसऱ्या वस्तूवरून, म्हणजे कोणत्या मण्याला ‘मुरानो’ म्हणावे यावरून, त्यामुळे पुढील टिपण तिच्यापुरते आहे.

जुन्या इतिहासातली एकच गोष्ट इथे आवश्यक आहे. 1291 साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या. लाकडी घरांच्या दाटीत आगीची भीती होती, हे कारण नेहमी दिले जाते. कारागीर एका जागी राहिले की कसबाची गुपितेही राखता येतात, हा लाभही सरकारच्या नजरेतून सुटला नसावा. मात्र ही सक्ती भट्ट्यांवर होती. पुढे दिव्याच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून मणी घडवण्याचे काम वाढले तेव्हा त्याला भट्टीची गरजच नव्हती. एक मेज, एक दिवा आणि भाता एवढ्यावर ते चाले. त्यामुळे कांड्या बेटावर ओतल्या जात आणि ज्योतीवरचे पुष्कळ मणी व्हेनिस शहरातल्या गल्ल्यांत तयार होत. ही विभागणी आजच्या वादाच्या मुळाशी आहे.

बारीक मण्यांचे काम वेगळे होते. त्यासाठी मध्ये पोकळी ठेवलेला तापल्या काचेचा गोळा दोन माणसे दोन टोकांनी धरून विरुद्ध दिशांना चालू लागत आणि लांबच लांब नळी ओढत. मग तिचे तुकडे करून त्यांच्या कडा उष्णतेने गोल केल्या जात. हे मणी ओवण्याचे काम शहरातल्या बायका दाराशी बसून करत. मांडीवरच्या लाकडी पात्रात मणी भरलेले असत आणि हातात पंख्यासारख्या धरलेल्या लांब, बारीक सुया त्या मण्यांच्या राशीत पुन्हा पुन्हा खुपसल्या जात. इतिहास लिहिणाऱ्यांनी भट्टीवरच्या उस्तादांना जेवढी जागा दिली, तेवढी या बायकांना फार उशिरा मिळाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निघालेला निळ्या, पांढऱ्या आणि लाल थरांचा, बारा टोकांच्या ताऱ्याचा प्रसिद्ध मणी एका नामवंत काचकाराच्या मुलीने शोधला असे सांगितले जाते; त्या श्रेयाबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही.

सुटे मणी हवे तसे ओवण्याच्या ब्रेसलेटची आजची कल्पना मात्र इटलीची नाही. ती डेन्मार्कमध्ये 1970 च्या दशकापासून आकाराला आली आणि 2000 साली तिथल्या एका कंपनीने बाजारात आणलेल्या ब्रेसलेटमुळे जगभर गेली. त्या कंपनीचे कारखाने थायलंडमध्ये आहेत. या ब्रेसलेटने मण्याची शरीररचनाच बदलली. व्हेनिसचा जुना मणी तांब्याच्या तारेवर गुंडाळला जाई, नंतर ती तार नायट्रिक आम्लात विरघळवली जाई आणि मागे दोरा जाईल एवढेच भोक राही. नव्या ब्रेसलेटच्या साखळीला सुमारे 4.5 मिलिमीटरचे भोक लागते. म्हणून मातीचा लेप दिलेल्या जाड पोलादी सळईवर काच गुंडाळायची, मणी सावकाश निववायचा, सळई काढून घ्यायची, मग भोकात चांदीची नळी बसवून तिची दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला दुमडायची, अशी रीत रूढ झाली. आतला चांदीचा वर्ख, तांब्याच्या कणांनी लुकलुकणारी काच किंवा कांडीच्या आडव्या चकत्यांतून उमटणारी फुले हे सगळे मुरानोचे; आकार आणि भोक डेन्मार्कच्या मापाचे. ‘मुरानो’ हे नाव मात्र दुकानांतून याआधीपासूनच सैलपणे वापरले जात होते. बेटावर घडलेला मणी, बेटावरच्या कांडीपासून दुसरीकडे घडलेला मणी आणि केवळ त्या पद्धतीने आशियातल्या कारखान्यात काढलेला मणी, या तिन्हींना ते नाव लागे.

हा सैलपणा आवरण्यासाठी व्हेनिस ज्यात येते त्या व्हेनेतो प्रांताने डिसेंबर 1994 मध्ये कायदा करून मुरानोच्या कलात्मक काचेसाठी एक चिन्ह निर्माण केले. स्वस्त नकला बेटाच्या नावावर खपत होत्या, आणि खुद्द व्हेनिसच्या दुकानांतही त्या मांडलेल्या असत, त्यामुळे काहीतरी करणे भागच होते. वाद आहे तो चिन्हासाठी ठरवलेल्या निकषावर. वस्तू मुरानो बेटावर तयार झालेली असावी, एवढीच या चिन्हाची हमी आहे. झुंबर, फुलदाणी, पेला यांना हा निकष चोख लागू पडतो, कारण भट्टीशिवाय ते होतच नाहीत. मण्याला तो लावताच मात्र इतिहास आडवा येतो. व्हेनिस शहरात राहणारी, बेटावरच्याच कांड्या वापरणारी आणि पिढ्यान्पिढ्यांचे तंत्र जाणणारी मणीकार या निकषाने बाहेर पडते, कारण तिचे मेज खाडीच्या अलीकडे आहे. नुकताच काम शिकलेला कारागीर बेटावर बसला तर तो मात्र आत येतो. चिन्हाचे समर्थक म्हणतात की एकदा सीमा सैल केली की ती कुठे थांबवायची हे सांगता येत नाही. बेटाच्या कांड्या तर अमेरिकेतले हौशी मणीकारही मागवतात. हा युक्तिवाद हलका नाही. तरीही ज्या कसबाला 1291 च्या सक्तीनेही शहराबाहेर काढले नव्हते, ते सात शतकांनंतरच्या कायद्याने नावापुरते का होईना बाहेर ढकलले, हे नाकारता येत नाही. शिवाय प्रमाणित वस्तूला उत्पादकाच्या क्रमांकाचे लेबल लागते आणि जेमतेम दीड सेंटिमीटरच्या मण्यावर ते लावायला जागा नसते. ते वेष्टनावर किंवा सोबतच्या कार्डावरच येऊ शकते, आणि मणी ब्रेसलेटमध्ये ओवला की कार्ड कचऱ्यात जाते.

डिसेंबर 2020 मध्ये मात्र उलट दिशेचा निर्णय झाला. इटली आणि फ्रान्सच्या संयुक्त प्रस्तावावरून ‘काचेच्या मण्यांची कला’ युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली गेली. या नोंदीत बेटापेक्षा ज्ञान आणि हात यांना महत्त्व आहे. ज्योतीवरचे काम, ओढलेल्या नळीचे बारीक मणी आणि ते ओवण्याचे कसब हे सगळे तिच्यात येते, आणि मणीकार दोन देशांतले आहेत. मणीकारांना मान मिळाला. बाजारात नाव वापरण्याचा हक्क मात्र अशा नोंदीतून मिळत नाही. पुढच्याच वर्षी युरोपात नैसर्गिक वायूचे दर कडाडले आणि रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागणाऱ्या मुरानोच्या अनेक भट्ट्या विझवाव्या लागल्या. छोट्या ज्योतीला वायू कमी लागतो, पण कांड्या भट्टीतूनच येतात, त्यामुळे शहरातल्या मेजांनाही झळ बसली.

आता युरोपीय संघाने शेतमालाप्रमाणेच हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंनाही भौगोलिक नाव नोंदवण्याची सोय केली आहे. हा नियम 2023 साली मंजूर झाला आणि 1 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. त्याच्या चर्चेत मुरानोच्या काचेचे उदाहरण सुरुवातीपासून दिले जात होते. उत्पादनाचा निदान एक टप्पा ठरलेल्या भूप्रदेशात व्हावा, एवढीच या नियमाची किमान अट आहे. ती किती कडक करायची हे नोंदणीसाठी अर्ज करणारे उत्पादक आपल्या तपशीलपत्रात ठरवतात. मण्याच्या बाबतीत तो टप्पा कांडी ओतण्याचा धरला तर शहरातली मणीकार आत येते, आणि तिच्याबरोबर जगभरचे कांडी-खरेदीदारही दार ठोठावतात. मणी घडवण्याचा टप्पा धरला तर 1994 चाच नकाशा कायम राहतो. भूप्रदेश म्हणून बेटाऐवजी व्हेनिसची सगळी खाडी घेणे हा मधला मार्ग कागदावर सोपा आहे. पण तपशीलपत्र लिहिणाऱ्यांत भट्टीवाल्यांचे वजन मोठे आहे आणि एकेकट्या काम करणाऱ्या मणीकार बायकांचे कमी.